सांडलेला उजेड

३ फेब्रुवारी, मंगळवार

पँट्रीतल्या चमच्याला आजपासून साखळी!

एकुलता एक चमचा. त्याला बँकेतल्या पेनासारखं ओट्याला जखडून टाकलंय. साखळी इतकी आखूड की चमचा कपापर्यंत येत नाही, कप चमच्यापर्यंत न्यावा लागतो. साखर ढवळायची तर ओट्यासमोर कमरेत वाकायचं, कप कडेला टेकवायचा आणि मान खाली घालून उभं राहायचं. चहा प्यायला आलोय की माफी मागायला, कळू नये! भांडारप्रमुखांचं म्हणणं, चमचे गहाळ होतात. ज्या इमारतीत उजेडाचा एकेक कण पकडून मोजला जातो, तिथे सहा चमच्यांचा पत्ता लागत नाही. मी लेखी निषेध नोंदवणार आहे. मसुदा डोक्यात तयार आहे. सुरुवात 'मानवी पाठीचा कणा' या शब्दांनी होते.

दुपारी गटाची बैठक. महिनाअखेरीला समिती येणार. साहेबांचा हुकूम आहे की समितीत निम्मे लोक आपल्या विषयातले नाहीत, तेव्हा सगळं शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. इथेच तालीम करते.

तर, शेजारीणबाई, प्रकाशाचा सर्वांत लहान कण म्हणजे फोटॉन. आम्ही नखाएवढ्या चिपवर बारीक वाटा कोरतो आणि फायबर नावाच्या केसासारख्या काचेच्या तंतूने त्यांत एकेक फोटॉन सोडतो. वाटेच्या टोकाला डिटेक्टर. डिटेक्टर म्हणजे केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी तार, मरणाच्या थंडीत ठेवलेली. त्या थंडीत तिच्यातून वीज बिनअडथळा धावते. फोटॉन धडकला की क्षणभर अडखळते, आणि बाहेर मोजणीयंत्रावर एक 'टक्' उमटतं. पूर्वी हे डिटेक्टर चिपच्या बाहेर, वेगळ्या पेटीत असायचे. तिथवर पोचेपर्यंत निम्मे फोटॉन वाटेतच हरवायचे. म्हणून आता डिटेक्टर चिपवरच बसवायचा. बोलायला एक वाक्य. करायला माझी नऊ वर्षं गेली.

बसवायच्या पद्धती दोन. माझी — तारा थेट चिपवरच कोरायच्या, एकदम, सगळ्या. आणि शंकासुराची — तारा वेगळ्या पातळ पडद्यावर करायच्या, तपासायच्या, चांगल्या तेवढ्या सुईच्या टोकाने उचलायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वाटेवर नेऊन ठेवायच्या. (हे नाव मीच ठेवलंय. माणूस 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी घड्याळाकडे बघतो.) वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कंत्राटावर. समिती दोन्हींतली एकच पद्धत पुढे चालू ठेवणार. माझी निवडली तर त्याचं कंत्राट मार्चअखेर संपेल. घरी बायको आणि जुळ्या मुली. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बैठकीत कुणी त्याच्या डोळ्यांत बघत नाही.

त्याच्या प्रत्येक चिपवर एक डिटेक्टर असा असतो की त्याच्याकडे एकही वाट जात नाही. नुसता कोपऱ्यात बसलेला. तो म्हणाला, "ताई, तुमच्या चिपवर असा एक ठेवाल का? वाटेबाहेर किती उजेड सांडतोय ते कळतं. नाहीतर निदान फायबर बाजूला सरकवून तरी एकदा मोजा."

मी म्हणाले, "माझ्या चिपवर जागा कमी आहे बाबा. घरजावई पोसायला परवडत नाही."

हशा! साहेबांनी तर टेबल बडवलं. तोही हसला. जरा उशिरा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

एक्क्याण्णव!

शंभर फोटॉन पाठवले की एक्क्याण्णव मोजले जातात. शंकासुराचा आकडा चौऱ्याहत्तर. साहेब दारातून ओरडत आले आणि मला म्हणाले, तुम्ही तर आता निवृत्त झालात तरी चालेल. हे कौतुक होतं की सूचना, विचारलं नाही.

घरजावई आता संस्थेत रूढ झालाय. कार्यशाळेतसुद्धा म्हणतात, "एक घरजावई काढून टाका, जागा होईल." शब्द चालायला लागला की जनकाला बरं वाटतं. मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

८ फेब्रुवारी, रविवार

हिशेबनीस निवृत्त झाले, त्यांचा निरोप. संस्थेच्या हिरवळीवर, सहकुटुंब. नवरा आला होता. माझ्या बाबांना खुर्चीसकट आणलं त्याने, सावली हलेल तशी खुर्ची हलवत राहिला.

साहेबांनी त्याला गाठलं. मी चार पावलांवर. साहेब सांगताहेत, "अहो, तुमच्या बायकोने काय धमाल शब्द काढलाय…" आणि सगळी गोष्ट, साग्रसंगीत. बिनकामाचा डिटेक्टर, कोपऱ्यात बसून वीज खाणारा, घरजावई. साहेबांना काय माहीत? दहा वर्षांपूर्वी पक्षाघातात बाबांचा उजवा हात आणि अर्धी जीभ गेली, तेव्हा मी प्रयोग सोडू शकत नव्हते म्हणून नवऱ्याने नकाशे काढायची नोकरी सोडली. आम्ही बाबांच्या घरी राहायला आलो. तेव्हापासून बाबांची औषधं, बाबांची दाढी, स्वयंपाक, माझा डबा, सगळं तोच. हे साहेबांना मी कधी सांगितलेलंच नाही. विचारलं तर म्हणते, तो 'घरून काम करतो'.

तो हसला. "छान आहे," म्हणाला. साहेबांना आणखी सरबत आणून दिलं.

संध्याकाळी भांडी विसळताना, पाठमोराच, "माझ्यावरून सुचलं का गं?"

"छे! काहीतरीच काय."

आतून बाबांनी विचारलं, कशावरून? त्यांच्या अर्ध्या जिभेने ते 'कशयुन' झालं. नवऱ्याने नळ मोठा सोडला.

९ फेब्रुवारी, सोमवार

सुचलं कुठून ते मला माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

समितीला एकाऐवजी दोन चिपांचे आकडे दाखवावेत असं मनात आलं. हाव, दुसरं काय. पण क्रायोस्टॅटमध्ये माझी पुढची पाळी थेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात. हे आमचं शीतकपाट. चिप आत घालायची, हवा काढायची, शून्याखाली दोनशे सत्तर अंशांपर्यंत उतरवायची, आणि मग पुन्हा सावकाश वर आणायची. घाई केली तर चिप तडकते. एका पाळीत जवळजवळ आठवडा जातो. म्हणून इथे माणसं पगारापेक्षा पाळीवरून भांडतात. दारावर पांढरा बोर्ड आहे, त्यावर प्रत्येकाच्या नावाचं चुंबक. पाळी उसनी देता येते, पण ती लिहिली जात नाही. घेणाऱ्याने लक्षात ठेवायची, हा इथला रिवाज. विसरणाऱ्याला पुन्हा कुणी देत नाही.

सोमवारी शंकासुराकडे मागितली होती. त्याची नवी चिप तयार होती, समितीच्या आधी त्याला तेवढी एकच संधी. मला वाटलं, नाही म्हणेल. म्हणाला, "घ्या ताई. माझी चिप थांबेल. तिला कुठे लग्नाला जायचंय?" स्वतःच्या हाताने त्याने आपलं चुंबक खाली सरकवलं.

तर आज माझी दुसरी चिप थंड झाली. सहा वाटा, सहा डिटेक्टर. त्यांतली तिसरी वाट मेलेली. चिप बसवताना माझ्याच चिमट्याचा ओरखडा गेला, वाट मधोमध तुटली. सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होती, म्हणून ती सोडूनच दिली होती. तरी तार मात्र जोडली, सवयीने.

लेझर लावला. पहिला डिटेक्टर, छान. दुसरा, छान. तिसऱ्यावर बोट चुकून गेलं.

टक्. टक्. टकटकटक.

वाट तुटलेली. पाहुणे मात्र येतच आहेत.

मला वाटलं तारांची अदलाबदल झाली. तपासलं. नाही. लेझर बंद केला, टकटक बंद. चालू केला, सुरू. बाकीच्यांच्या जवळजवळ तीस टक्के. ज्या डिटेक्टरकडे एकही फोटॉन वाटेने पोचूच शकत नाही, त्याच्यावर तीस टक्के!

पँट्रीत गेले. चमच्यासमोर वाकून उभी राहिले. चहा घ्यायचा विसरले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खोलीचं दार लावून मोजलं. फायबर वाटेच्या तोंडावरून बाजूला सरकवला, म्हणजे वाटेत उजेड शिरायलाच नको. त्याने सांगितलं होतं तेच. दहा मिनिटांचं काम. नऊ वर्षांत मी ते केलं नव्हतं, कारण मी नेहमी लेझर बंद करून मोजते आणि जी उगाच टकटक होते ती वजा करते. अंधाराची वजाबाकी केली, सांडलेल्या उजेडाची केलीच नाही. फायबरमधून वाटेत न शिरलेला उजेड चिपच्या काचेच्या थरातून सगळीकडे पसरतो, आणि माझे डिटेक्टर त्याला आपलाच समजून मोजतात. आकडा फुगतो. मी फुगते.

पहिली चिपही पुन्हा आत घालून मोजावी लागेल, पण तिचा आराखडा तोच, थर तोच. गणित एका ओळीचं आहे. एक्क्याण्णवातले अठ्ठावीस सांडलेले. उरले त्रेसष्ट.

त्रेसष्ट. त्याचे चौऱ्याहत्तर. आणि त्याने आपले सांडलेले आधीच वजा केलेत, कोपऱ्यात बसलेल्याला विचारून.

दुपारभर मी स्वतःची वकील होते. फार हुशार वकील आहे. म्हणाले, एकाच तुटलेल्या वाटेवरून निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. म्हणाले, समितीनंतर सविस्तर तपासू. म्हणाले, त्याचं कंत्राट गेलं तर त्याला दुसरीकडे कुठेही मिळेल, तरुण आहे. यातलं शेवटचं वाक्य मनात उच्चारलं तेव्हा समोरच्या काळ्या पडद्यात माझाच चेहरा दिसला. कुणा विद्यार्थिनीचा म्हणून समोर आला असता तर याच चेहऱ्याला मी दारातून परत पाठवलं असतं, वर आठवडाभर नकला केल्या असत्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिफ्टमध्ये शंकासुर. मी, तो आणि तीन मजले. "दुसरी चिप कशी निघाली, ताई?"

"ठीक."

तो 'बरं' म्हणाला. आणि मग, मुलींनी त्याच्या मोज्यांचे बाहुले केलेत म्हणून आज दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून आलोय, हे पँटचे पाय वर करून दाखवलं. मी हसले. मनापासून हसले, हे त्याहून वाईट.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तुटलेली वाट, सांडलेला उजेड, त्रेसष्ट, सगळं. तो बाबांना भरवत होता. घास थांबवून ऐकलं, बाबांनी तोंड उघडून ठेवलं तेव्हा कुठे आठवण झाली.

"मग सांगून टाक."

"इतकं सोपं नाही ते."

"सोपं आहे कुठे म्हटलं मी?" तो म्हणाला. "लोक विचारतात काय करता, तेव्हा मी तरी कुठे सोपं सांगतो? पण खरं सांगतो. घरून काम करतो असं नाही सांगत."

म्हणजे ते त्याच्या कानावर आहे. कधीपासून, देव जाणे.

मी ताटात बोटाने रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "तुझ्यावरूनच सुचलं होतं."

"माहीत होतं मला." बाबांचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. "विनोद चांगला होता. 'छे' म्हणालीस ते लागलं."

बाबांनी हात उचलला, डावा, चालतो तो. आधी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि पिळण्याची खूण केली. नवरा खो खो हसला. मला हसता आलं नाही. एक्कावन्नाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर बसून नाक ओढत रडणारी बाई फार काही शोभिवंत दिसत नाही, हेही मनात टिपून घेतलं. सवय जात नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना सांगितलं.

आधी वाटलं, त्यांना कळलंच नाही. मग कळलं की पुरेपूर कळलंय. उठून दार लावून घेतलं. म्हणाले, एक्क्याण्णव हा मोजलेला आकडा आहे की नाही? आहे. मग तो खोटा कसा? 'मोजलेला' म्हणून दाखवायचा, आणि तळाशी बारीक अक्षरात 'सुधारणा अपेक्षित'. मी विचारलं, किती बारीक? म्हणाले, तुम्हाला ना प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो.

आयुष्यात पहिल्यांदा सुचला नव्हता. मला खरंच हवं होतं ते, अक्षराचं माप. अजून कुठेतरी मी त्या बारीक अक्षरात मावते का, ते बघत होते.

ठरवलंय. समितीसमोर सांगणार. आधी शंकासुराला सांगायला हवं. त्याच्या खोलीपर्यंत गेले. तो पाठमोरा, डोळा सूक्ष्मदर्शकाला, श्वास रोखून सुईच्या टोकावरची तार वाटेवर उतरवत होता. अशा वेळी दार वाजवलं तर तार जाते.

हे कारण खरं आहे. आणि मला किती हायसं वाटलं, तेही खरं आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

समिती आली आणि गेली. जे झालं ते तसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्यापासून मी त्याची गोष्ट करून सांगायला लागेन.

माझी वेळ आधी. उभी राहिले. एक्क्याण्णव दाखवला. मग म्हणाले, हा आकडा चूक आहे, आणि तुटलेल्या वाटेचा फोटो लावला. पाढे म्हटल्यासारखी सगळं सांगून गेले. त्रेसष्ट. शेवटी म्हणाले, "हे तपासायला मला याच खोलीत, तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं गेलं होतं. मी हसण्यावारी नेलं." शंकासुराकडे बोट दाखवलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. झाडावर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असावं.

मग अध्यक्षीणबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

टाळ्या! सगळी समिती. पाठोपाठ आमचे लोकही. बाई म्हणाल्या, आपल्या सगळ्या कारकिर्दीत त्यांनी असा प्रामाणिकपणा पाहिला नव्हता. कुणीतरी 'धैर्य' म्हणालं. खरं सांगते, पहिले काही क्षण मला बरं वाटलं. टाळी कशासाठी आहे हे कानाला कळत नाही, कान लगेच टवकारतात.

मग शंकासुर. त्याने चौऱ्याहत्तर दाखवले. वाट नसलेला डिटेक्टर दाखवला, सांडलेला उजेड किती, तो वजा कसा केला, सगळं स्वच्छ. नवी चिप दाखवता आली नाही. ती मोजलेलीच नाही, तिची पाळी माझ्या पोटात गेली. कुणी काही विचारलं नाही. एकाने जांभई दाबली. जो पडलाच नाही त्याच्या उठून उभं राहण्याला कोण टाळ्या वाजवणार?

चहानंतर निकाल. पुढचं वर्ष माझ्या पद्धतीला. कारण ऐकायला मिळालं ते असं : त्यांच्या पद्धतीचं काम तर झाल्यातच जमा आहे, आकडा विश्वासार्ह आहे, आता नवीन काय करणार? हिच्या पद्धतीत मात्र सुधारणेला भरपूर वाव.

वाव! अठ्ठावीस टक्के वाव.

मी उठून म्हणाले की हे उलटं होतंय, चांगला आकडा त्यांचा आहे. अध्यक्षीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किती मोठं मन आहे तुमचं."

त्यानंतर मी जे काही बोलले, ते सगळं मोठ्या मनाच्या खात्यात जमा होत गेलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून अभिनंदनं. भांडारप्रमुख स्वतः येऊन म्हणाले, तुमच्यासारखी माणसं हवीत. साहेब आता हीच गोष्ट फोनवर सांगताहेत, म्हणे 'आमच्याकडे ही संस्कृतीच आहे'. बारीक अक्षराचा उल्लेख नाही. मी त्यांच्याकडे जाऊन निर्णय बदलायला सांगितलं. म्हणाले, समितीचा शब्द अंतिम. शिवाय त्याच्या कंत्राटाला आता पदच नाही. एक वर्ष, एक प्रकल्प, एक प्रमुख. म्हणाले, आता तुम्ही फार ताणू नका, छान झालंय सगळं.

मग शंकासुराकडे. या वेळी दार वाजवलं. तो खोक्यात पुस्तकं भरत होता. एक महिना आहे अजून, पण माणूस हिशेबी. मी माफी मागितली. उभ्याने, नीट, विनोद न करता. विनोद न करता बोललं की माझी वाक्यं इतकी लांबतात, हे मला माहीत नव्हतं.

त्याने ऐकून घेतलं. हातातल्या पुस्तकावरची धूळ पुसत म्हणाला, "ताई, तुम्ही हसवलंत तेव्हा टाळ्या तुम्हाला. काल खरं बोललात, तेव्हाही तुम्हालाच. मी दोन्ही वेळा त्याच खुर्चीत होतो."

त्याने पुस्तक खोक्यात ठेवलं.

"रागावलो नाहीये," तो म्हणाला. "पण आत्ता 'माफ केलं' म्हणालो, तर त्याचीही तुम्ही एक छान गोष्ट कराल. म्हणून नाही म्हणत."

जिन्यावरून उतरताना लक्षात आलं : त्याचं हे वाक्य मी पाठ करत होते. घरी जाऊन सांगायला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही घरी. इथे लिहिलंय तेवढं पुरे.

दिवसभर साहेबांचं एकच वाक्य डोक्यात फिरतंय. एक वर्ष, एक प्रकल्प, एक प्रमुख. समितीच्या पत्रात प्रमुखाचं नाव नाही, नुसतं पद आहे. पद्धतीचं नाव आहे, पण तिच्यापुढे 'सुधारणा' हा शब्द आहे. आणि माझ्या पद्धतीतली सर्वांत मोठी सुधारणा कुठली, ते एका शाळकरी मुलालाही सांगता येईल. तारा सुईने उचलून ठेवा.

प्रश्न एवढाच की हे कसं करायचं, म्हणजे पुन्हा टाळ्या होणार नाहीत. 'त्याच्यासाठी मी पद सोडते' म्हटलं की संपलं. साहेब हार घेऊन येतील. अध्यक्षीणबाई दुसराही खांदा शोधतील. आणि शंकासुर? माझ्या मोठ्या मनाच्या सावलीत वर्षभर नोकरी करायची त्याने? त्यापेक्षा पुस्तकांचं खोकं बरं.

नवऱ्याशी बोलले. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. पगाराशिवाय वर्ष निघेल का? काटकसरीने निघेल. आणि, "बाबांची दाढी करता येते का तुला?" म्हटलं, शिकेन. बाबांनी गालावर हात ठेवला, दोन्ही बाजूंनी, आळीपाळीने.

नवऱ्याच्या जुन्या कचेरीत नकाशे तपासायला माणूस हवा आहे, हे त्याने दोन महिन्यांपूर्वी ऐकलं होतं. मला बोलला नव्हता. मी विचारलं नव्हतं.

२ मार्च, सोमवार

वर्षभराची बिनपगारी रजा. कारण : घरगुती. या शब्दाला कुणी टाळ्या वाजवत नाही. साहेब वैतागले, म्हणाले, ऐन वेळी बायकांचं हे असंच असतं, आता त्या शंकासुरालाच प्रमुख करावं लागणार, दुसरं आहे कोण? मी म्हणाले, खरंच, नाइलाज आहे तुमचा.

निघताना क्रायोस्टॅटच्या दारापाशी थांबले. कुणी नव्हतं. या आठवड्यावरचं माझं चुंबक काढलं, तिथे त्याचं लावलं, आणि दिवा मालवला.